हीटर घेण्याआधी स्लॅबकडे बघा: पुण्यातल्या घराचं इन्सुलेशन

पुण्यातला हीटर वर्षातले दहा महिने माळ्यावर पडून असतो. डिसेंबरच्या मध्यावर पाषाण, एनडीए (लष्करी प्रबोधिनी) या बाजूला पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास आला की तो खाली उतरतो आणि संक्रांत उलटल्यावर दोन-तीन आठवड्यांत परत वर जातो. एवढ्याशा थंडीसाठी घराला इन्सुलेशन कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण ज्या स्लॅबमधून जानेवारीच्या पहाटे ऊब निघून जाते, त्याच स्लॅबमधून एप्रिलच्या रात्री उन्हाची धग खाली येते. पुण्याच्या नोंदींतला नीचांक 1.7 अंशांचा आहे (17 जानेवारी 1935) आणि उच्चांक 43.3 अंशांचा (30 एप्रिल 1897). उष्णता अडवणारा थर दोन्ही टोकांना कामी येतो.

शिवाय पुणेकर वर्षभर रोज ज्या उष्णतेचे पैसे मोजतो, ती खोलीत नसते, आंघोळीच्या पाण्यात असते. म्हणून पुढची कामं खर्चाच्या आणि उस्तवारीच्या चढत्या क्रमाने दिली आहेत: फटी, गरम पाण्याचे पाइप, स्लॅब, मग भिंती आणि काचा. हीटर सगळ्यात शेवटी.

ऊब जाते कुठून

वरच्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली धरू. दोन भिंती बाहेरच्या, सहा इंची विटेच्या. सहा बाय चार फुटांची एकेरी काचेची खिडकी. बाहेर 11 अंश, आत 21 हवेत. हिशोब मांडला तर दोन भिंतींतून साधारण 430 वॅट, स्लॅबमधून 310, फटींमधल्या हवेबरोबर 210 आणि काचेतून 125 वॅट सतत बाहेर जातात. बेरीज पावणेअकराशे. म्हणजे तासाला एक युनिटहून थोडी जास्त वीज नुसती गळती भरून काढायला लागते. हीटर कॉइलचा असो, हॅलोजनचा असो किंवा तेलाचा, एका युनिटातून एक युनिटच उष्णता निघते. 'कमी विजेत जास्त ऊब' असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. कमी करता येते ती गळती.

कागदावर भिंती पहिल्या दिसतात, तरी कामाच्या क्रमात त्या मागे आहेत, याला कारण आहे. पुण्यात हिवाळ्यातही दुपारी पारा 28-30 अंशांपर्यंत चढतो. भिंत ती ऊब साठवते आणि रात्री सावकाश सोडते, त्यामुळे तिच्यातून होणारी खरी गळती हिशोबापेक्षा कमी भरते. स्लॅबही दिवसा तापतो, पण त्याच्या डोक्यावर मोकळं आकाश असतं. निरभ्र रात्री त्याचा वरचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि पहाटे बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. उन्हाळ्यात तर सगळा मारा स्लॅबवरच असतो.

आधी मोजा

एक साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पिस्तुलासारखा दिसणारा. पहाटे सहाला आणि रात्री नऊला, चार-पाच दिवस, याच जागांची मापं लिहून ठेवा: छताचा मध्य, आतली भिंत, बाहेरची भिंत, पश्चिमेची भिंत असल्यास ती. स्टीलवर किंवा चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवतं, तिथे मोजायचं असेल तर कागदी टेप चिकटवून टेपवर नेम धरा.

एप्रिलमध्ये रात्री नऊला छत आतल्या भिंतीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम निघालं, तर दोष स्लॅबचा. पाच इंची स्लॅब आणि त्यावरचा कोबा (गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर) यांतून दुपारची धग खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून वरच्या मजल्यावरची खोली दुपारी दोनपेक्षा झोपायच्या वेळी जास्त छळते. छत आणि आतली भिंत यांत एखाद्याच अंशाचा फरक असेल, तर तुमच्यावर आणखी एक मजला आहे असं समजा; स्लॅबचा भाग वाचून सोडून द्या आणि फटी-पाइपांवर थांबा.

फटी

वारा असलेल्या संध्याकाळी पंखे बंद करा, उदबत्ती पेटवा आणि खिडकीच्या चौकटीभोवती, दाराखाली, एसीच्या पाइपाच्या भोकापाशी सावकाश फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथे खडूने खूण करा. बहुतेक फ्लॅटमध्ये खुणा त्याच त्या ठिकाणी पडतात.

स्लायडिंग खिडकीच्या खोबणीत केसाळ पट्टी असते, तिला दुकानदार वूल पाइल म्हणतात. आठ-दहा वर्षांत ती चपटी होते किंवा निघून जाते. जुन्या पट्टीचा दोन इंची तुकडा ओढून काढा आणि दुकानात सोबत न्या. तिच्या पायाची रुंदी आणि केसांची उंची अशी दोन मापं जुळावी लागतात. पाय रुंद निघाला तर पट्टी खाचेत सरकत नाही. केस उंच निघाले तर खिडकी सरकवताना दोन्ही हात लागतात. सहा बाय चारच्या दोन पल्ल्यांच्या खिडकीला, पल्ल्यांच्या चारी बाजू आणि आतून-बाहेरून दोन्ही ओळी धरल्या, तर 20 ते 25 मीटर पट्टी लागते. जिथे दोन पल्ले मध्ये एकमेकांवर येतात ती उभी जागा विसरू नका, सगळ्यात जास्त वारा तिथूनच येतो.

खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. हिवाळ्यात उत्साहाने ती सिलिकॉनने बुजवली, तर जूनमध्ये ट्रॅक भरून पाणी आत, गादीपर्यंत.

चौकट आणि भिंत यांच्यातली फट 5 मिमीपर्यंत असेल तर सिलिकॉन पुरे. त्याहून मोठी असेल तर डब्यातून फवारायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम. फोम फवारण्याआधी जागेवर थोडं पाणी शिंपडा, तो ओलाव्याने फुलतो. पोकळी निम्मीच भरा, बाकीचं काम तो स्वतः करतो. पूर्ण भरलीत तर तासाभरात चौकटीबाहेर फोमचं फुलकोबी उगवतं, आणि पातळ ॲल्युमिनियमची चौकट वाकूही शकते. सुकल्यावर कटरने कापून वर पुट्टी किंवा सिलिकॉन लावा, कारण उघडा फोम उन्हात पिवळा पडून भुगा होतो.

दाराखाली बोटभर फट असतेच. रबराची किंवा ब्रशची पट्टी स्क्रूने बसवा; चिकटवलेली पट्टी फरशी पुसण्याच्या पाण्याने दोन महिन्यांत सुटते.

आता काय बुजवायचं नाही ते. गॅस गीझर असलेल्या बाथरूमची झडप, स्वयंपाकघरातली जाळी, पाइप गॅसच्या मीटरजवळचा झरोका: यांना हात लावायचा नाही. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस खोकत नाही, कळायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत हलवणं हाच खरा उपाय. याच कारणाने बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, थंडी कितीही असो. फटी बुजवल्यावर तर अजिबात नाही.

वेळापत्रक, फुकटचं

हिवाळ्यात साडेअकरा ते साडेचार खिडक्या उघड्या ठेवा, पडदे पूर्ण सरकवा, दक्षिणेचं ऊन फरशीवर येऊ द्या. साडेपाचच्या आत सगळं बंद. उन्हाळ्यात बरोबर उलट: रात्री दहानंतर उघडं, सकाळी आठला बंद आणि पडदे ओढलेले. पुण्यात दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते, हे शहराचं नशीबच म्हणायचं. इन्सुलेशन केलेल्या घरात हे वेळापत्रक पाळलं तर परिणाम दुप्पट जाणवतो. आणि न पाळता दुपारी चार वाजता मे महिन्याची हवा आत घेतलीत, तर आत आलेली धग अडवून धरायलाही तेच इन्सुलेशन मदत करतं.

गरम पाण्याची लाइन

25 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 वर न्यायला जवळजवळ नेमकं एक युनिट लागतं. सोलर असेल तर ती उष्णता फुकट, पण टेरेसवरच्या टाकीपासून तुमच्या नळापर्यंतचा पाइप उघडा असेल तर फुकटचं पाणीही वाटेत गार होतं.

पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. टाकीपासून तुमचा मजला 20 मीटरवर असेल तर पाइपातच 5 लिटर. बाहेर 15 अंश आणि पाणी 55 अंश असताना उघड्या पाइपातून मीटरला 24 वॅटच्या आसपास उष्णता जाते, टेरेसवर वारा असेल तर जास्तच. त्यावर 13 मिमी जाडीची नायट्राइल रबराची नळी चढवली की हे 10 वॅटच्या खाली येतं. उघड्या पाइपातलं साठलेलं पाणी 35-40 मिनिटांत बरंचसं गार होतं. नळी चढवल्यावर तेवढंच गार व्हायला दीड तास लागतो.

या आकड्यांत एक कडू गोष्टही आहे, आणि विकणारे ती सांगत नाहीत. रात्रभर साठलेलं पाणी इन्सुलेशन असलं तरी पहाटेपर्यंत गार होणारच. पहाटेची पहिली बादली त्याने वाचत नाही. वाचतं ते एकामागून एक आंघोळी करणाऱ्या घरात मध्ये सोडून द्यावं लागणारं गार पाणी, आणि दूरच्या मजल्यावरची बारीक धार कोमट येत नाही. पहिली बादलीही वाचवायची असेल तर पाणी पुन्हा टाकीकडे फिरवणारी रिटर्न लाइन आणि टायमरवरचा छोटा पंप लागतो. तो निर्णय अख्ख्या सोसायटीचा. आणि रिटर्न लाइन टाकली तर इन्सुलेशन सक्तीचंच समजा, नाहीतर पंप दिवसभर गच्चीभोवती पाणी फिरवून पुणं गरम करत बसेल.

साहित्य एसीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतं. नळी पाइपाच्या बाहेरच्या व्यासावर घ्यायची, आणि नेमकी इथेच चूक होते. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास 22 मिमी, पण पाऊण इंची जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा) 27 मिमी. अर्ध्या इंचाला हेच आकडे 16 आणि 21. खात्री नसेल तर पाइपाला दोरा गुंडाळा, लांबी मोजा आणि 3.14 ने भागा. टेरेसवरच्या भागाला 19 मिमी जाडी, डक्टमधल्या भागाला 13 पुरे. पांढऱ्या फोमच्या स्वस्त नळ्या टाकीजवळ वापरू नका. पाणी न वापरता दोन-चार कडक उन्हाचे दिवस गेले की सोलरचं पाणी 80 अंशांच्या पुढे जातं आणि तो फोम आक्रसतो.

1. काम सकाळी लवकर, पाइप गार आणि कोरडा असताना सुरू करा. आधी गळके जोड दुरुस्त करून घ्या. नळीखालची गळती महिनोन्‌महिने दिसत नाही.
2. नळी धारदार कटरने लांबीला एका बाजूने चिरा आणि पाइपावर चढवा. ओढून ताणून बसवू नका. ताणलेली नळी उन्हात आक्रसते आणि जोडांपाशी दोन-दोन इंच पाइप उघडा पडतो. उलट प्रत्येक तुकडा सेंटीमीटरभर लांब कापा आणि दाबून बसवा.
3. चिरलेल्या दोन्ही कडांना रबराचं कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह पातळ लावा. पाच ते दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की कडा दाबून जोडा. ओलं असतानाच जोडलेलं दुसऱ्या दिवशी उकलतं.
4. आडव्या पाइपावर शिवण खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही.
5. एल्बोपाशी (पाइपाच्या काटकोनी वळणापाशी) नळी 45 अंशांत कापून दोन तुकडे जोडा. व्हॉल्व्ह आणि युनियनही (उघडता येणारा जोड) झाका, पण व्हॉल्व्हची मूठ मोकळी ठेवा.
6. क्लॅम्प नळीच्या वरून, रुंद पट्टीचा, सैलसर. केबल टाय करकचून आवळला की तिथे रबर चेपतं, आणि चेपलेल्या रबरात हवा उरत नाही. अडवणारी ती हवाच असते.
7. टेरेसवरच्या नळीवर ॲल्युमिनियमचं पातळ पत्र्याचं आवरण किंवा ऊन सोसणारा लेप. काळं रबर पुण्याच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं, आणि कावळे-खारी त्याचे तुकडे तोडून नेतात ते वेगळंच.

टाकीत येणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपाचाही शेवटचा एक मीटर झाका, कारण टाकीतली उष्णता तिथून मागे सरकते. टाकीवरचा उभा एअर व्हेंट मात्र वरून पूर्ण उघडा राहिला पाहिजे. तो बंद झाला तर वाफेला वाट राहत नाही आणि टाकी फुगते किंवा फुटते.

बाथरूम नव्याने करत असाल तर भिंतीत पाइप गाडण्याआधीच त्यावर 6 किंवा 9 मिमीची नळी चढवून घ्या. खाच त्या मानाने खोल मारावी लागते, प्लंबर कुरकुरतो. ठाम राहा, हे काम नंतर करता येत नाही. साठवणुकीच्या विजेच्या गीझरला मात्र बाहेरून गोधडी गुंडाळायच्या फंदात पडू नका. त्याच्या आत फोमचा थर असतोच, आणि बीईई या केंद्राच्या ऊर्जाबचत संस्थेचे तारेही साठवलेलं पाणी किती कमी गार होतं यावरच मिळतात. नवा घेताना तारे बघा आणि जुन्याचा थर्मोस्टॅट 55-60 वर ठेवा.

स्लॅब, वरून

खरा फरक इथे पडतो. थर स्लॅबच्या वर टाकला की सळई-काँक्रीटचा सगळा जडपणा घराच्या आतल्या बाजूला येतो. तो दिवसा तापत नाही आणि रात्री पटकन गार पडत नाही. शिवाय खालचं वॉटरप्रूफिंग उन्हापासून वाचतं.

पाच इंची स्लॅब आणि चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा, एवढ्या नऊ इंचांचं यू-मूल्य साधारण 2.3 भरतं. यू-मूल्य म्हणजे एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट जातात तो आकडा. बीईईच्या 'इको निवास संहिता' 2018 मध्ये छताची मर्यादा 1.2 आहे. वर एक्सपीएसची, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या दाट फोमची, 50 मिमी शीट टाकली की आकडा 0.5 च्या आसपास येतो. जाडजूड काँक्रीट उष्णता अडवतं हा गैरसमज आहे: दोन इंच एक्सपीएसचं काम करायला आठ फुटांहून जाड काँक्रीट लागेल.

नुसता पांढरा परावर्तक रंग लावला तर? स्वस्त आहे, उन्हाळ्यात चांगला फरक पडतो, जरूर लावा. पण तो फक्त ऊन परतवतो. जानेवारीच्या पहाटे त्याचा उपयोग शून्य, आणि धूळ-शेवाळ बसलं की उन्हाळ्यातलाही कमी होत जातो. दरवर्षी फेब्रुवारीत धुवावा लागतो.

काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी. टेरेस सोसायटीची सामाईक जागा आहे, खाली तुमचा फ्लॅट असला तरी; सर्वसाधारण सभेचा ठराव लेखी घ्या. दुसरं, वजन. एक्सपीएस हलकं असतं, पण त्यावरचा 50 मिमी काँक्रीटचा थर चौरस मीटरला सुमारे 120 किलो भरतो. लोक वावरतात अशा टेरेसला डिझाइन करताना धरलेला वापराचा भार साधारण 150 किलोच असतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय जुन्या कोब्यावर नवा थर चढवू नका. जुना कोबा काढला तर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन उतरतं आणि हिशोब सुटतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांना, जिथे लाकडी तुळयांवर छत आहे, हा मार्गच नाही, तिथे खालून. तिसरं, वेळ. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये काँक्रीटचं पाणी उन्हाने उडतं आणि तडे जातात. मेअखेर सुरू केलेलं काम पावसात अडकतं.

500 चौरस फुटांसाठी, म्हणजे 46.5 चौरस मीटरसाठी, साहित्य असं: 1250 बाय 600 मिमीच्या, 50 मिमी जाडीच्या, कडांना खाच असलेल्या एक्सपीएस शीट 65 (62 लागतात, बाकी कापाकापीत), घनता घनमीटरला 32 ते 36 किलो. जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम) कापड 51 चौरस मीटर. वरच्या थरासाठी सव्वादोन-अडीच घनमीटर काँक्रीट, म्हणजे एम-20 प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या 18 ते 20 गोण्या. जाळी, वॉटरप्रूफिंगचं रसायन आणि सांध्यांसाठी पीयू सीलंट.

आधी पन्हाळीची तोंडं बुजवून दोन इंच पाणी 48 तास साठवा आणि खाली छत बघा. डाग उमटला तर आधी गळती. कोबा ठेवायचा असेल तर हातोडीने ठोकत चाला. पोकळ आवाज येतो तो भाग काढून टाका. तडे व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरा. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) तळाशी वाटा करून घ्या, म्हणजे काटकोनाऐवजी गोलाई. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मध्ये फायबरची जाळी, आणि हे पॅरापेटवर फूटभर चढवा. उतार याच थरात हवा, मीटरला किमान 1 सेंटीमीटर. वरचं काँक्रीट कितीही उताराचं केलं तरी थोडं पाणी शीटखाली जातंच, आणि त्यालाही पन्हाळीकडे वाट लागते. हा थर वाळल्यावर पुन्हा 48 तास पाणी. कंत्राटदार दुसऱ्या चाचणीला टाळाटाळ करतो. तिच्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

शीट विटांसारख्या सांधेमोड करून, खाचा एकमेकींत बसवून मांडा. चिकटवायचं असेल तर एक्सपीएसला चालणारंच अडेसिव्ह. थिनर असलेला कुठलाही पदार्थ शीट विरघळवतो, आणि गॅसच्या ज्योतीने चिकटवायचं काळं मेम्ब्रेन तर तिच्यावर कधीच नाही. त्याच दिवशी वर कापड आणि काँक्रीट घ्या, कारण उघडी शीट वाऱ्याने उडते आणि उन्हात वाकते. काँक्रीट दीड-दोन मीटरच्या चौकटींत ओता, मध्ये 10 मिमीचे सांधे, नंतर सीलंट. कामगारांनी शीटवरून घमेली घेऊन थेट चालू नये, फळ्या टाका. सात दिवस गोणपाट भिजवून पाणी मारा. शेवटी पांढऱ्या टाइलचे तुकडे किंवा पांढरा रंग.

आता नेहमी होणारे घोटाळे. टेरेसची पातळी तीन-चार इंच वर येते, आणि जिन्याच्या दाराचा उंबरा खाली राहतो. पहिल्याच जोराच्या पावसात पाणी जिन्यातून धबधब्यासारखं उतरतं. उंबरा आधी वाढवून घ्या. पन्हाळीचं तोंड जुन्या पातळीवरच राहील आणि भोवती खोलगट भाग होईल असं बघा. पॅरापेटची उंची तेवढीच कमी होते. मुलं वर खेळत असतील तर रेलिंग लागेल. सोलरचे स्टँड आणि डिशचे पाय नंतर भोकं पाडून बसवू देऊ नका. काँक्रीटचे छोटे ठोकळे आधीच ओतून ठेवा. आणि थर्मोकोल स्वस्त मिळतं म्हणून पॅकिंगचं थर्मोकोल घालणारे आहेत. ते पाणी पितं, पायाखाली चेपतं, आणि तीन वर्षांत वरचा थर चौकटी-चौकटींनी खचतो.

स्लॅब, खालून

टेरेसची परवानगी मिळाली नाही तर जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि त्यावर 50 मिमी रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), घनमीटरला 48 किलो घनतेचं. उंची चार ते सहा इंच जाते. पंख्याचा हूक स्लॅबमधूनच खाली आणायचा, सीलिंगवर टांगायचा नाही. छतातल्या दिव्यांवर रॉकवूल थेट ठेवू नका, भोवती तीन इंच मोकळे सोडा, तिथे उष्णता कोंडते. वायर सगळी पाइपातून. गळका स्लॅब असेल तर हा उपाय करूच नका: ओलं रॉकवूल काही अडवत नाही, आणि गळती सीलिंगमागे दडून सळईला गंजवत राहते.

चकचकीत फॉइल थेट स्लॅबला चिकटवणारेही भेटतात. फॉइल काम करते ती तिच्यासमोर इंचभर हवेची पोकळी असेल तरच. चिकटवलेली फॉइल म्हणजे महागडा वॉलपेपर.

भिंती आणि काचा

पश्चिमेच्या भिंतीला आतून कपाटांची रांग हा सगळ्यात सोपा उपाय. मागे इंचभर जागा ठेवा. पुण्यात पावसाचा मारा पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे ओल असलेली भिंत झाकण्याआधी बाहेरून दुरुस्त करा, नाहीतर कपाटामागे बुरशी. बांधकाम नवीन असेल तर वीट सोडून एएसी ब्लॉक (हवेच्या छिद्रांचे हलके सिमेंटी ठोकळे) घ्या, ते विटेच्या चार-पाचपट कमी उष्णता वाहतात.

दुहेरी काच एकेरीच्या निम्मी उष्णता सोडते, पण निव्वळ थंडीसाठी पुण्यात तिचे पैसे वसूल होत नाहीत. सिंहगड रस्त्यासारख्या रहदारीवर घर असेल तर आवाजासाठी घ्या, ऊब वरकड. बाकीच्यांना अस्तर लावलेला, खिडकीच्या चौकटीबाहेर दोन्हीकडे वीतभर जाणारा आणि कठड्याला टेकणारा जाड पडदा पुरतो. उन्हाळ्यात मात्र ऊन काचेच्या बाहेरच अडवा, बांबूच्या चिकाने किंवा ताडपत्रीच्या छज्जाने. काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने परत जात नाही.

आता हीटर

फटी, स्लॅब आणि पडदा झाल्यावर वरची तीच खोली पावणेअकराशे वॅटवरून साडेसहाशेच्या आसपास येते. म्हणजे 2000 वॅटचा घ्यायची गरज नाही; 1000 वॅटवर चालणारा, थर्मोस्टॅट असलेला पुरे. रात्री आठ तास धरले तर तीन-साडेतीन युनिटं वाचतात, 45 रात्रींची दीडशेच्या आसपास. महावितरणचा दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर वाढतो, त्यामुळे वाचणारी युनिटं तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातली असतात. तरीही स्पष्टच सांगायचं तर केवळ हीटरच्या बचतीवर टेरेसचा खर्च निघत नाही. तो निघतो एप्रिल-मेच्या एसीवर.

एसी घ्यायचाच असेल तर हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर घ्या. तो उष्णता तयार न करता बाहेरची आत आणतो, त्यामुळे पुण्याच्या थंडीत एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम करतो. साधा हीटर असेल तर 16 अँपिअरच्या पॉवर प्लगवरच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर कधीही नाही, आणि पडदा, गादी, वाळत घातलेले कपडे यांपासून तीन फूट लांब ठेवा. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर सॉकेट सैल आहे, हीटर बंद करून आधी तो बदलून घ्या.